ओले फोटो, कोरडे फोटो

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी पाकिटातला रोल काढून टेबलावर ठेव, मग हे पत्र वाच. तुझी सवय मला माहीत आहे. एका हातानं पाकीट फाडशील आणि रोल घरंगळत कपाटाखाली जाईल.

हो, मीच लिहितेय. दचकू नकोस, घरी सगळं जागच्या जागी आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, मग मी तुझ्याहून मोठ्यानं बोलते, आणि शेवटी आई दोघांच्या वतीनं माफी मागून फोन ठेवते. शिवाय रोल फोनमधून जात नाही. तुझ्या यंत्रांना एवढंसुद्धा अजून जमलेलं नाही.

काम असं आहे. या रोलवर तुझ्या मुलीचे फोटो काढायचे. बाबांचा चौकोनी कॅमेरा तुझ्याकडे आहे, वरून वाकून बघायचा तो. जाताना तो नेलास ते ठीक, बाबांनी तो तुलाच दिला होता. रोल धुवायची टाकी नेलीस ती मात्र माझी होती. असो, मी दुसरी घेतली.

आता कारण ऐक. आईचे डोळे. तुला सांगू नको म्हणाली होती, म्हणून सांगतेय. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला, त्याचा मधला भाग पेन्सिलीनं काळा केला आणि म्हणाले, हा जातोय, कडा राहतील. म्हणजे समोर बघितलं की नेमकं समोरचंच दिसत नाही. दार दिसतं, दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. जिनं जन्मभर आपल्या फोटोच्या दुकानात निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांचे चेहरे डोळ्यांत तेल घालून दुरुस्त केले तिला आता चेहराच दिसत नाही, आणि तिला हवंय काय, तर नातीचा चेहरा.

तुझी बायको फोनवर फोटो पाठवते. आई फोन नाकाला लावून बघते आणि म्हणते, "गुलाबी गुलाबी काहीतरी आहे." मला विचारते, कुणासारखी आहे गं? मी म्हटलं, गोड आहे. तर म्हणाली, "गोड सगळीच असतात. चेहरा कुणाचा आलाय ते सांग." मला सांगता आलं नाही. एक तर मी फोनवरचे फोटो तत्त्व म्हणून नीट बघत नाही, आणि तिला माझ्या शब्दावर भागवायचंच नाहीये. तिला स्वतः बघायचंय. डॉक्टर म्हणाले, रंगांपेक्षा ठळक काळं-पांढरं तिला जास्त सापडेल, पण फार दिवस थांबू नका.

ठळक काळं-पांढरं! हे कुणाला सांगताय, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

तेव्हा पैज लावू. तू या रोलवरही फोटो काढ आणि तुझ्या डिजिटलवरही, त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी. रोल न धुता मला पाठव, तो धुणार मी. तुझा फोटो तू तुझ्या पद्धतीनं काळा-पांढरा करून छापून पाठव. आईला ज्याच्यात नात दिसेल तो जिंकला. मी जिंकले तर तू बायकोमुलीला घेऊन घरी यायचंस. तू जिंकलास तर मी डार्करूममध्ये तुझा तो प्रिंटर आणून ठेवीन आणि त्याला नावं ठेवणार नाही.

आणि "कोरडे"चं म्हणशील, तर आपल्या घरात ट्रेमधून निघतात ते ओले फोटो आणि यंत्रातून निघतात ते कोरडे, हे तू लहानपणापासून ऐकतोयस. तुझे फोटो कोरडे असतात असं मी म्हणाले आणि तू दार आपटून गेलास. मी फक्त छापण्याच्या पद्धतीबद्दल बोलले होते, असं आई अजून सगळ्यांना सांगते. तिला सांगू दे.

फ्लॅश नको. खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ दे. पोरगी हलली तर हलू दे, पण ती श्वास सोडेल तेव्हा दाब.

ताई

ता.क. तिळू हे काय नाव? तिळाएवढी आहे म्हणून? चांगलं भारदस्त नाव ठेवलंय तिचं, ते वापरा की.


२ मार्च

धाकट्या,

रोल आला, धुतला, आणि मी दुपारचं जेवले नाही.

तुला आठवतं का ते, टाकीचं झाकण काढायचं आणि फिल्मची ओली पट्टी उजेडात धरायची? आयुष्यभर हे केलं तरी दर वेळी पहिल्यांदाच करतोय असं वाटतं. या वेळी तर पट्टी इतक्या घाईनं वर धरली की थेंब चष्म्यावर उडाले. आणि मग ती दिसली. उलटी, काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्याशुभ्र केसांची, आपली पोरगी. तू उजेडाचं मोजमाप बरोबर घेतलंयस. विसरला नाहीस. मला वाटलं होतं जाणूनबुजून बिघडवशील.

संध्याकाळपर्यंत प्रिंट काढला आणि तुझ्या प्रिंटशेजारी ठेवला. आता न्यायाधीशासारखं बोलते, ऐक. फ्रॉक माझा जिंकला. तुझ्यात तो खिडकीच्या बाजूला नुसता कोरा कागद झालाय, माझ्यात त्याची शिवण मोजून घ्यावी. केस माझे. उजेड गालावरून मानेकडे उतरतो तो उतार माझा, त्यावर तू वादसुद्धा घालू नकोस. पण खुर्चीखाली तुझ्या फोटोत एक मोजा पडलेला दिसतो, माझ्यात तिथे मिट्ट अंधार. मोजा तुला दिला. आणि तिची कातडी तुझ्यात इतकी नितळ आहे की बाळ आहे की चिनी मातीचं भांडं ते कळत नाही. हे कौतुक नाही.

एक गोष्ट माझ्याकडून बिघडली. प्रिंटवर तिच्या हनुवटीवर एक काळा ठिपका आला. कशानं ते तुला माहीत आहे. टाकी भरली की ओट्यावर आपटायची असते, नाहीतर बुडबुडे पट्टीला चिकटतात, तेवढ्या जागी फिल्म धुतली जात नाही आणि प्रिंटवर काळं टिंब उमटतं. बाबा याला आळशाची सही म्हणायचे. घाईत मी आपटली नसेन नीट. मग आईच्या शाळेत शिकल्याप्रमाणे केलं. प्रिंटवरचं पांढरं टिंब ब्रशनं भरायचं, काळं पात्यानं खरवडायचं, आणि निगेटिव्हवरचं असेल तर पेन्सिल. नवं पातं घेतलं आणि असा खरवडला की कुणाच्या बापाला कळणार नाही.

मग दोन्ही फोटो घेऊन आईकडे गेले. कुठला कुणाचा ते सांगितलं नाही.

तिनं माझा बघितला. मान वळवून, कागद तिरका करून. मग तुझा. मग परत माझा. "खिडकी दिसते," म्हणाली. "खुर्चीची पाठ दिसते. मधे ती बसलीय का?"

मी म्हटलं, हो, तिथेच बसलीय.

"कागद चांगला वापरलायस," म्हणाली आणि दोन्ही फोटो माझ्या हातात परत दिले.

जिंकलं कुणीच नाही. मी डार्करूममध्ये जाऊन लाल दिवा लावून उगाचच ट्रे धूत बसले. रडत होते, लपवत नाही. पण हार मानलेली नाही. एन्लार्जर अजून वर चढवून फोटो मोठा करता येतो, काळं-पांढरं याहून ठळक देणारा कडक कागद मिळतो. बघतेच.

ताई


३ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र टपालात पडलंय आणि आता हे. दोन गोष्टी आहेत, दोन्ही महत्त्वाच्या, श्वास घेऊन वाच.

पहिली. आज सगळ्या रोलचे छोटे प्रिंट काढले. तिच्या हनुवटीवर ठिपका प्रत्येकात आहे. हसते त्यात आहे, मान फिरवलीय त्यात आहे, हललीय त्यात तोही हललाय. बुडबुडा असा माणसाच्या मागे फिरतो का? मी तासभर स्वतःला आळशी म्हणवून घेतलं ते फुकट. खरं सांग, तिच्या हनुवटीवर काही आहे का? चॉकलेट? शाई? जखम असेल आणि मला कुणी सांगितलं नसेल तर बघ.

दुसरी याहून मोठी. पट्टी वाळत टांगली होती. आई भिंतीला हात लावत आत आली, पट्टी बोटांत धरली, आणि सवयीनं तिच्या जुन्या डेस्कपाशी गेली. तेच डेस्क, तिरकी काच आणि खालून दिवा. मी दिवा लावून दिला. ती मान वाकडी करून बसली आणि एकदम म्हणाली, "केस दाट आहेत गं."

धाकट्या, तिला केस दिसले! प्रिंटमध्ये नव्हे, निगेटिव्हमध्ये. उजेड मागून आला म्हणून. आणि तिनं जन्मभर माणसं उलटीच तर बघितली, काळ्या चेहऱ्याची आणि पांढऱ्या केसांची. आपण सरळ चेहरे ओळखतो तसे ती उलटे ओळखते. पण निगेटिव्ह आहे केवढंसं. चेहऱ्यावर नजर नेली की तो तिच्या त्या काळ्या गोलात जातो. कितीतरी मोठं निगेटिव्ह हवं, आणि मागून दिवा हवा. एवढी मोठी फिल्म आणू कुठून?

उत्तर लवकर पाठव. ठिपक्याचं आधी.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

पाकीट आलं. तुझी चिठ्ठी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. "तायडे, तो तीळ आहे. म्हणून तर तिळू. डोळे आईचे गेलेत की तुझे?" पुढचं नंतर वाचीन म्हणाले आणि डार्करूममध्ये जाऊन एकटीच हसले. मी जिवंत पोरीचा तीळ पात्यानं खरवडला! फोटोग्राफरच्या घराण्याशिवाय हा पराक्रम कुणाच्या हातून होणार? आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला स्वतःला काय सापडतं ते बघायचंय.

आणि तूही काही कमी नाहीस. तू लिहितोस की मी काही पुसलेलं नाही, फक्त काळं-पांढरं करताना लाल वाढवलं, कातडी नितळ येते म्हणून. अरे, तपकिरी तीळ लालमध्ये विरघळणारच. मी पात्यानं घालवला, तू बटणानं घालवलास. बहीणभाऊ शोभतो खरे.

पण पेन ड्राइव्ह पाठवलास ते मात्र मनापासून आवडलं. "मूळ फाईल. रंगीत. काहीही केलेलं नाही. हवी तेवढी मोठी कर." एवढं लिहून खाली सही न करता ठेवलंयस, पण अक्षर वळणदार आलंय, म्हणजे राग उतरलाय. तुझं अक्षर मला कळतं.

आता माझं एक गुपित. दुकानात पुढे मी पासपोर्टचे फोटो डिजिटलवरच काढते. गेली कित्येक वर्षं. पोटासाठी करावं लागतं, मला त्यात पडायचं नाही. सांगायचं एवढंच की मला तुझ्या फायली उघडता येतात.

उघडली. रंग काढला. मग लाल खाली, हिरवं वर. धाकट्या, तो तीळ असा वर आला की मी खुर्चीतून उठले. परत लाल वाढवलं, गेला. उतरवलं, आला. फिल्मवर हे सगळं खटका दाबण्याआधी ठरवावं लागतं, कुठला फिल्टर लावायचा, आकाश काळं हवं की कातडी गोरी, आणि एकदा ठरवलं की ठरलं. इथे पोरगी घरी जाऊन झोपली तरी तिचा उजेड आपल्या हातात. बाबांना हे दाखवायला हवं होतं. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं असतं आणि मग जेवायला उठले नसते.

हे तू कुणाला दाखवायचं नाहीस. मी अजून ओल्याच बाजूची आहे.

आणि मग मला सुचलं. संगणकावरच्या त्याच खिडकीत एक बटण आहे, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करणारं. म्हणजे निगेटिव्ह. हवं तेवढं मोठं. आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे, आई हल्ली तो नुसता ऐकते. टीव्ही म्हणजे काय? मागून दिवा लावलेली काच! आईचं डेस्कच, फक्त भिंतीएवढं.

संगणक टीव्हीला जोडायची वायर आणलीय. उद्या सकाळी आई ताजीतवानी असेल तेव्हा. तुला हे पत्र मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, पण तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

बस. खरंच बस. बायकोला आणि तिळूला जवळ घे आणि मोठ्यानं वाच.

सकाळी पडदे ओढले, आईची खुर्ची टीव्हीसमोर अगदी जवळ ठेवली आणि फोटो लावला. उलटा. फ्रॉक कोळशासारखा काळा, चेहरा काळा, केस कापसासारखे पांढरे. कुणी परकं माणूस आलं असतं तर किंचाळून पळालं असतं. आई मात्र खुर्चीत पुढे सरकली आणि म्हणाली, "हां, आता नीट ठेवलंत." बाबा काचेवर निगेटिव्ह ठेवायचे तेव्हा त्यांना म्हणायची, अगदी त्या सुरात. मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

मग तिनं डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली, आणि बोलायला लागली. केस दाट. कान तुझे, बाहेर आलेले, त्याला इलाज नाही म्हणाली. नाक अजून ठरलेलं नाही. डावी भुवई जरा वर, म्हणजे हट्टी निघणार. मी नुसती ऐकत होते. मी गप्प बसले होते हे तुला खरं वाटणार नाही, पण आई साक्षीला आहे.

एकाएकी तिचं बोट वर झालं.

"हे खाली काय चमकतंय?"

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी सगळ्या टीव्हीवर फक्त हनुवटी उरली, आणि त्या काळोखात एक पांढरं स्वच्छ टिंब.

"तीळ आहे," आई म्हणाली. खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, "ओठाखाली? डावीकडे, जरासा आत?"

हो म्हटलं.

तिचा हात स्वतःच्या हनुवटीवर गेला. आणि तेव्हा मी आईकडे बघितलं. टीव्हीकडे नाही, फोटोकडे नाही, आईकडे. तो तिथे आहे, धाकट्या. सुरकुतीत थोडा बुडालाय, पण आहे. मी रोज तिच्यासमोर बसून जेवते. तुझ्यामाझ्यासारख्या, उजेडाच्या गप्पा मारणाऱ्या माणसांना तो कधी दिसला नाही, कारण भिंतीवरच्या एकाही फोटोत तो नाही. मी उठून सगळ्या भिंती बघून आले. लग्नातला, तू मांडीवर आहेस तो, दुकानाच्या दारातला, कुठेच नाही. आणि आपण दोघं माणसांपेक्षा फोटोंवर विश्वास ठेवणारे.

आईनंच मग सांगितलं. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, मुलगी छान आहे, फक्त हनुवटीवर माशी बसलीय. सगळे हसले. तीही हसली. आणि त्यानंतर बाबांनी तिचा प्रत्येक फोटो काढला की निगेटिव्ह आधी तिच्या काचेवर यायचं आणि ती पेन्सिलीनं पहिल्यांदा तेवढं टिंब भरायची. "त्यांना कळायचं," म्हणाली, "पण कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, बोलतील."

नंतर तिचा उजवा हात वर आला. बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली होती. हात टीव्हीच्या काचेपर्यंत गेला, त्या पांढऱ्या टिंबाच्या अगदी जवळ, आणि तिथेच थांबला.

"राहू दे," म्हणाली. "हिचा भरायचा नाही."

मी रडले, मग दोघी हसलो, मग मी तिला विचारलं की चेहरा कुणाचा आलाय ते आता तूच सांग. तर म्हणाली, "माझा. पण माझ्याहून बरी आहे." एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात. आपल्या घरात तो आईनं तुला-मला हुंगूसुद्धा न देता थेट नातीला दिला.

आता पैज. फोटो तुझा, कोरडा. पण दिसला तो निगेटिव्हमध्ये, म्हणजे ओल्या पद्धतीनं. दिवा यंत्राचा, नजर डेस्कवरची. मी आईलाच निवाडा करायला सांगितलं. ती म्हणाली, दोघंही हरलात, तेव्हा दोघांनीही कबूल केलेलं करा. म्हणजे मी डार्करूममध्ये प्रिंटरला जागा करतेय, ट्रे भिंतीकडे सरकवलेत. आणि तू येतोयस. तिळूला घेऊन. आईला तो तीळ आता बोटानं बघायचाय. आणि आलास की तुझ्या तोंडावर सांगीन, पण आधी इथे लिहूनच टाकते, की तो फोटो कोरडा नाही. त्या पोरीकडे कुणीतरी जीव ओवाळून बघतंय हे त्यात दिसतं.

या पाकिटात एक रोल आहे. दुपारी आई स्वतः खिडकीशी जाऊन बसली, हनुवटी उजेडाकडे केली आणि मला म्हणाली, काढ. मी तो धुतलेला नाही. तू धुवायचास, माझ्या टाकीत, जी तुझ्याकडे आहे. पाणी फार गरम घेऊ नकोस. भरल्यावर टाकी ओट्यावर चांगली आपट, शेजारी ओरडले तरी चालेल.

आणि तरीही प्रत्येक फोटोत हनुवटीवर एक ठिपका येईल. तो बुडबुडा नाही.

ताई